उमरग्याहून दोन दिवसांची पायी सहल

काशीरामेश्वराची यात्रा करून आलेला गृहस्थ परतल्यावर पंधरा दिवस तिकडच्या घाटांचे आणि गोपुरांचे वर्णन करीत असतो. परंतु स्वतःच्या गावापासून दहाबारा कोसांवर कोणता डोंगर आहे, त्यातून कोणता ओढा निघतो आणि तो कोणत्या नदीस मिळतो, असे त्यालाच विचारावे, म्हणजे तो बहुधा निरुत्तर होतो. काखेत कळसा नि गावाला वळसा, ही म्हण आपल्या लोकांच्या प्रवासालाही तंतोतंत लागू पडते. मोठ्या यात्रेस पैसा लागतो, रजा लागते, प्रकृती धड असावी लागते. जवळच्या डोंगराला मात्र शनिवार-रविवार पुरतो, आणि शिधा म्हणून कडक भाकरी, शेंगांची चटणी व पाण्याचा तांब्या एवढे असले की भागते.

धाराशिव जिल्ह्यातील उमरगा हे सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचे तालुक्याचे गाव. कर्नाटकाची सीमा येथून जवळ, म्हणून बाजारात मराठीच्या जोडीला कानडीही कानी पडते. १९४८ सालापर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे जुन्या माणसांच्या कागदपत्रांत उर्दूही सापडते. गावात महादेवाचे पुरातन दगडी देऊळ आहे. अनंत चतुर्दशी होऊन गेल्यावर, भाद्रपदाच्या अखेरच्या एका शनिवारी, ह्याच देवळापाशी पहाटे अकरा माणसे जमली. त्यांत हायस्कुलातले एक भूगोलाचे शिक्षक होते, तहसील कचेरीतून निवृत्त झालेले एक कारकून होते, कॉलेजात शिकणारी चार मुले व दोन मुली होत्या आणि एक गवंडीही होता. सर्व त्याला मिस्त्री म्हणत. उरलेले दोघे म्हणजे एक वृद्ध शेतकरी आणि त्यांचा बारा वर्षांचा नातू. वृद्धांना सारेजण आबा म्हणत. आबांना खरे म्हणजे यायचे नव्हते. नातवाने हट्ट धरला, आणि मुलाला एकट्याला पाठवणे त्यांच्या जिवावर आले, म्हणून ते आले होते.

मंडळी एस. टी.ने निघाली. येणेगूर मागे पडले, जळकोट मागे पडले, आणि सुमारे ४५ किलोमीटर अंतर तोडून गाडी नळदुर्गास आली. वाटेत शिक्षकांनी मुलांना खिडकीबाहेर पाहावयास सांगितले. रस्त्याच्या कडेस जेथे टेकडी कापली होती, तेथे खाली काळा कठीण दगड, त्यावर भुसभुशीत मुरूम, पुन्हा दगड, असे थर स्पष्ट दिसत होते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तप्त लाव्हारस थरांवर थर पसरला आणि त्यापासून दख्खनचे पठार बनले. मुरमात पाणी मुरते, कठीण थरावर ते अडते आणि जेथे तो थर उताराला उघडा पडतो तेथे झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. बालाघाटाच्या डोंगरात झरा नेमका विशिष्ट उंचीवरच का लागतो, ह्या प्रश्नाचे उत्तर हेच. नातवाने लगेच विचारले, “मग आमच्या विहिरीला पाणी का नाही?” ह्यावर सारी गाडी हसली, पण आबा हसले नाहीत. “कारण आपण मुरूमच उपसून विकला,” एवढेच ते म्हणाले.

नळदुर्ग हे नाव नळराजावरून पडले, असे लोक सांगतात. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळापासून येथे ठाणे असल्याची परंपरा आहे. पुढे बहामनी व त्यानंतर विजापूरचे आदिलशहा ह्यांच्याकडे किल्ला आला. १६८६ साली मोगलांनी विजापूर जिंकल्यावर तो त्यांच्या हाती गेला आणि कालांतराने निजामाकडे आला. १८५३ च्या तहाने हा प्रांत काही वर्षे इंग्रजांकडे होता, व तो त्यांनी १८६० साली परत केला. त्याच अवधीत मेडोज टेलर नावाचा अधिकारी ह्या किल्ल्यात राहून कारभार पाहत असे. तुळजापूरच्या परिसरावर त्याने ‘तारा’ नावाची कादंबरी लिहिली. ती १८६३ साली प्रसिद्ध झाली. निवृत्त कारकुनांना हा भाग विशेष प्रिय, कारण टेलरने सुरू केलेली जमीनमोजणी हा त्यांच्या खात्याचा पूर्वज. दरवाजातून आत जाताना ते इतक्या आदराने बोलू लागले, की जणू साहेब आतल्या कचेरीत बसूनच आहे.

किल्ला भुईकोट असला तरी सपाट मैदानात नाही. बोरी नदीने काळा दगड कापून खोल दरी केली आहे आणि तिच्या काठच्या पठारावर हा तट उभा आहे. तटाचा घेर जवळजवळ तीन किलोमीटर भरतो, आणि शंभरावर बुरूज त्यात ओवले आहेत. मंडळींनी तटाच्या कडेने पायी फेरी धरली. गवत कमरेएवढे वाढलेले, मधूनच सीताफळाची झाडे, बोरी आणि बाभळी. नऊ पाकळ्यांचा नव बुरूज पाहून मुलांनी त्याच्या पाकळ्या दोनदा मोजल्या. पुढे उपळी बुरूज लागला. किल्ल्यातील हा सर्वांत उंच बुरूज, त्याच्या पायऱ्या चढून गेल्यावर लांब पल्ल्याच्या दोन तोफा दिसतात आणि चहूकडचा मुलूख तळहातासारखा पसरतो. नातू वर चढून गेला. आबा मात्र खाली लिंबाच्या सावलीत बसून राहिले. दरवाजाच्या कमानीखालून येतानाही ते थांबले नव्हते. मान खाली घालून झपाझप बाहेर पडले होते. मिस्त्रीच्या ध्यानात ते आले, पण तो काही बोलला नाही.

नळदुर्गची खरी ख्याती आहे ती बोरी नदीवरच्या बांधाची. हा किल्ला आणि समोरचे रणमंडळ ह्यांना जोडणारा दगडी बांध आदिलशाहीत घातला गेला. त्याच्या पोटात इब्राहिम आदिलशहा दुसरा ह्याच्या कारकिर्दीत पाणीमहाल बांधण्यात आला. १६१३ साल आणि मीर मुहम्मद इमादीन ह्या स्थापत्यकाराचे नाव त्याच्याशी निगडित आहे. योजना अशी, की बांधामागे पाणी साठावे म्हणजे किल्ल्याला पिण्याचे पाणी मिळते आणि शत्रूला त्या बाजूने वाटही राहत नाही. पाणी जास्त झाले तर ते बांधाच्या माथ्यावरील दोन सांडव्यांतून खाली कोसळते. ह्या दोन प्रपातांना लोक नर आणि मादी म्हणतात. बांधाच्या आतल्या दालनात उतरून खिडकीशी उभे राहिले, म्हणजे डोक्यावरून गेलेले पाणी डोळ्यांसमोर पडद्यासारखे पडते, आणि दालन मात्र कोरडे राहते. हल्ली वरच्या अंगाला बोरी नदीवर नवे धरण झाले आहे. ते भरून वाहू लागले तरच नळदुर्गचे नर-मादी वाहतात. सगळ्याच वर्षी हा योग येतो असे नाही, अवर्षणाच्या साली बांधाचा दगड नुसता उन्हात तापत असतो. त्या वर्षी मात्र पाऊस चांगला झाला होता. बांधावर येण्याआधीच प्रपाताचा घोष ऐकू येऊ लागला, आणि मुले धावत सुटली.

बांधाच्या माथ्यावरून आत उतरणाऱ्या जिन्याशी येताच आबांचे पाय थबकले. नातू त्यांचा हात ओढीत होता. आबा कठड्याला टेकले आणि म्हणाले, “पोरा, तू जा मिस्तरीसंगं. मी हितंच बसतो.” नातवाने पुन्हा आग्रह केला, तेव्हा ते हळूच म्हणाले, “भिंत घुमतीया रं. त्या राती बी असाच आवाज झाला होता.”

ती रात्र म्हणजे ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून लोक उशिरा निजले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. किल्लारी हे त्याचे केंद्र समजले जाते. लातूर जिल्ह्यातील औसा आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील उमरगा, ह्या दोन तालुक्यांवर सर्वांत मोठा आघात झाला. आज लोहारा तालुक्यात असलेले सास्तूर त्या वेळी उमरग्यातच होते. आठ ते दहा हजार माणसे काही क्षणांत दगावली. ५२ गावे इतकी उद्ध्वस्त झाली, की ती नव्या जागी वसवावी लागली. त्यांपैकीच एक आबांचे गाव. त्यांचे थोरले बंधू आणि भावजय भिंतीखाली गेली. स्वतः आबा ओट्यावर निजले होते, एवढ्यामुळेच वाचले. तेव्हापासून पत्र्याच्या छपराखेरीज कोठेही त्यांना झोप आली नाही. देवदर्शनसुद्धा ते सभामंडपाबाहेरून घेत.

मिस्त्री मुलांना घेऊन खाली गेला नाही. तो आबांजवळ जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसला. जिन्याच्या तोंडाशी भिंतीची जाडी उघडी दिसत होती, तेथे त्याने बोट ठेवले. “आबा, आपल्या जुन्या घराची भिंत किती रुंद होती?” आबांनी दोन्ही हात पसरून दाखवले. “आणि मधे काय होतं?” आबा जरा आठवून म्हणाले, “माती. दगडगोटं नि माती.” मिस्त्रीने मान हलवली. तीच सारी गोष्ट होती. बाहेरून एक दगडी पाळ, आतून दुसरी पाळ आणि दोहोंच्या मधे चिखल व गोटे, अशा त्या भिंती. दोन्ही पाळी बांधणारा एकही लांब दगड आरपार गेलेला नसे. वर माळवद, आणि छत गळू नये म्हणून त्यावर दरसाल नवी पांढरी माती घातलेली. काही पिढ्यांत छतावर दोन-दोन फूट मातीचे ओझे झाले. जमीन हलली तेव्हा पाळी एकमेकींपासून सुटून आतबाहेर कोसळल्या. पुष्कळ घरांत लाकडी खांबतुळयांचा सांगाडा उभाच राहिला, आणि माणसे मेली ती दगडामातीखाली.

“इथं बघा,” मिस्त्री सांगू लागला. “खालच्या दगडाचा सांधा वरच्या दगडाच्या बरोबर मधे येतो. ह्याला सांधेमोड म्हणतात. दगड घडवून बसवलाय, आत चुना आहे, चिखल नाही. हा आवाज पाण्याचा आहे, आबा, भिंतीचा नाही. हात लावून बघा.”

आबांनी लगेच हात लावला नाही. तेवढ्यात कॉलेजातला एक मुलगा उत्साहाने म्हणाला, “म्हणजे जुनं ते सोनं. पूर्वीच्यांनी बांधलं ते भूकंपातही टिकलं.” शिक्षकांनी त्याला तेथेच अडवले. नळदुर्ग किल्लारीपासून बरेच दूर आहे आणि केंद्रापासून जसजसे लांब जावे तसतसा हादरा कमी होतो, तेव्हा हा बांध टिकला एवढ्यावरून तो सास्तुरातही टिकला असता असे म्हणता येणार नाही, हे त्यांनी समजावून दिले. शिवाय आबांचे पडलेले घरही जुन्यांनीच बांधलेले होते. वस्तू जुनी असल्याने भक्कम ठरत नाही, आणि नवी असल्यानेही ठरत नाही. ती बांधली कशी, हाच प्रश्न. हे बोलणे मुलाला उद्देशून होते. तरी ऐकत होते ते आबा. भिंतीची भलावण करण्यासाठी कोणी खोटे बोलत नाही, असे पाहिल्यावरच कदाचित त्यांचा हात पुढे झाला. तळवा त्यांनी दगडावर बराच वेळ ठेवला. दगड ओला आणि गार होता. मग एका हाताने भिंत धरून व दुसरा नातवाच्या खांद्यावर ठेवून, एकेक पायरी मोजीत ते खाली उतरले.

खिडकीसमोर पाणी पडत होते. ऊन त्यावर आले की पाण्यात पुसट इंद्रधनुष्य उमटे, ढग आला की मावळे. दालनात शब्द ऐकू येत नसल्यामुळे कोणी बोलले नाही. आबा पाचसात मिनिटे उभे होते. ते बाहेर आले तेव्हा कपाळावर घाम होता, आणि तो पुशीत त्यांनी मिस्त्रीस विचारले, “सांधेमोड म्हणलास, ती पोराच्या खोलीला घेतलीय का रं कुणी?”

तेव्हा कोठे खरी हकीकत बाहेर आली. पुनर्वसनात मिळालेले घर वाढत्या कुटुंबाला अपुरे पडू लागले होते. आबांच्या मुलाने शेजारी एक खोली काढली होती, आणि जुन्या पडक्या घराचेच दगड ट्रॅक्टरने आणून, पैसा वाचावा म्हणून मातीत भिंत उचलायला सुरुवात केली होती. भिंत कमरेएवढी आली होती. आबा धास्तावले होते, पण अडाणी माणसाची भीती म्हणून मुलगा ऐकेना, आणि भीतीला कारण काय हे आबांना सांगता येईना.

संध्याकाळी मंडळी तुळजापुरास मुक्कामाला आली. भवानीचे दर्शन झाले. रात्री धर्मशाळेच्या ओसरीवर धपाटे आणि दही खाताना मिस्त्रीने खडूने फरशीवर भिंत काढून दाखवली. दगडाची भिंत दीड फुटांहून जाड नको. माती न घेता सिमेंट-वाळूचा माल घ्यावा. उंचीत दर २ फुटांना आणि लांबीत दर ४ फुटांना एक लांब दगड आरपार घालावा, तसा दगड न मिळाल्यास त्या जागी सळई घालून काँक्रीटचा तुकडा ओतावा. सर्वांत महत्त्वाचा म्हणजे दारेखिडक्यांच्या माथ्याशी, चारही भिंतींवरून अखंड फिरणारा काँक्रीटचा पट्टा. पेटीला दोरी बांधावी तसा तो भिंतींना एकत्र धरतो. छप्पर हलके असावे. १९९३ नंतर जाणकारांनी गावोगाव हेच सांगितले. परंतु तीस-बत्तीस वर्षांत ते ऐकणारी पिढी थकली, आणि नव्या पिढीने ती रात्र पाहिलेली नाही.

रविवारी सकाळी धाराशिवावरून मंडळी येडशीस पोचली. येडशीवरून पूर्वी बार्शी लाईट रेल्वेची अडीच फूट रुंदीची चिमुकली गाडी लातुरास जात असे. १९११ साली ती लातुरापर्यंत पोचली, आणि जवळजवळ शंभर वर्षांनी तिच्या जागी रुंद मार्ग आला. निवृत्त कारकुनांनी त्या गाडीतून लहानपणी प्रवास केलेला. चढावर गाडी इतकी मंद होई की उतरून सीताफळे तोडून पुन्हा चढता येई, असे त्यांचे म्हणणे. मुलांनी ते अर्धेच खरे मानले.

येडशीपासून रामलिंगाची वाट डोंगरांच्या कुशीत उतरते. हे जंगल १९९७ साली अभयारण्य म्हणून जाहीर झाले. विस्तार अवघा २२ चौरस किलोमीटर, म्हणजे मोठ्या अरण्यांपुढे मूठभर. पण ज्या जिल्ह्यात रानाचा पट्टा शोधून काढावा लागतो, तेथे ह्या मुठीचे मोल फार. पळस, खैर, बोर, सीताफळ अशी पानझडीची झाडे. मोराची केका दोनदा ऐकू आली, मोर दिसला नाही. वानरे मात्र भाकरीचा वास घेत देवळापर्यंत सोबत आली. खाली ओढ्याच्या वळणात रामलिंगाचे दगडी देऊळ आहे. सीतेला नेणाऱ्या रावणाशी जटायूने येथेच झुंज दिली आणि घायाळ जटायूला रामाने बाण मारून पाणी काढून पाजले, अशी कथा लोक सांगतात. पाण्याच्या दुर्भिक्षाच्या मुलखात देवाचा मोठेपणासुद्धा पाणी पाजण्याने ठरतो, हे शिक्षकांचे बोलणे सर्वांना पटले.

ह्या बालाघाटाच्या माथ्यावर पडलेल्या पावसाची मोठी मौज आहे. उत्तरेकडे वाहिलेले पाणी तेरणेतून मांजरेला आणि मांजरेतून गोदावरीला जाते. दक्षिणेकडचे बोरी-सीनेतून भीमेला आणि भीमेतून कृष्णेला मिळते. एकाच टेकडीवरचे शेजारी थेंब असे निरनिराळ्या वाटांनी बंगालच्या उपसागरास पोचतात. मुलांनी नकाशा पसरून बोटाने दोन्ही वाटा काढल्या.

आबा तोवर ओढ्याकाठी मिस्त्रीजवळ बसले होते. मधे गोट्यांच्या ढिगल्या लावल्या होत्या. एक ढिगली सिमेंटच्या पोत्यांची, एक सळयांची, एक मजुरीच्या दिवसांची. उभी झालेली भिंत उतरवावी लागेल, दगड मात्र तेच चालतील, असे ठरले. “भावाच्या घरचं दगड हायती,” आबा म्हणाले. “टाकवत नाहीत.” मिस्त्रीने त्यांतले चारदोन गोटे उचलून मजुरीच्या ढिगलीतून बाजूला काढले आणि सांगितले, की उतरवण्याचे काम तो स्वतः येऊन करील, त्याचे दिवस धरू नयेत. आबांनी ते गोटे पुन्हा होते तेथे ठेवले. ह्यावर दोघांत बराच वाद झाला, आणि अखेर निम्मे गोटे ढिगलीत राहिले.

देवळात जाण्याची वेळ आली तेव्हा आबा दाराशी क्षणभर थांबले. नजर वर छताकडे गेली, चौकटीच्या दगडावर हात फिरला आणि मग ते आत गेले. दर्शन घेऊन लौकर बाहेर आले, हेही खरे. तीस वर्षांची भीती दोन दिवसांच्या सहलीने जात नसते.

रात्री गाडी उमरग्यास पोचली. मुलांच्या पायांना फोड आले होते आणि शिक्षकांचा आवाज बसला होता. नातू आजोबांच्या मांडीवर निजला होता. पुढच्या आठवड्यात त्या खोलीची भिंत उतरवण्यात आली. मुलगा दोन दिवस रुसला, पण मिस्त्रीने भिंत उतरवताना मधली माती त्याच्या हातावर ठेवली, तेव्हा तो गप्प झाला.

शनिवार-रविवारच्या भटकंतीचा लाभ काय, असे कोणी विचारतात. स्वच्छ हवा, मोकळे पाय आणि चार घटकांचे हास्यविनोद, एवढा लाभ तर निश्चितच होतो. परंतु डोंगर, ओढे आणि पडके तट मनुष्याने डोळसपणे पाहिले, तर ते त्याच्या घरच्या प्रश्नालाही कधीकधी उत्तर देतात. मात्र त्यासाठी बरोबर पाहणारी माणसे नाना धंद्यांची असावीत. शिक्षकाने इतिहास-भूगोल सांगावा, कारकुनाने कागद सांगावा, गवंड्याने दगड सांगावा, आणि ज्याला भय वाटते त्याने आपले भय न लाजता सांगावे.